झेंडूच्या दिवसांतल्या बातम्या

पितृपक्ष संपत आला की नाशिकच्या हवेत एक कडवट वास मिसळतो. गोड नाही, सुगंध म्हणावा असाही नाही. ओल्या पानांचा, चुरगळलेल्या देठांचा, थोडासा औषधासारखा. आमची कॉलनी नाशिक रोडला, स्टेशनच्या बाजूला. इथे शेत नाही की मळा नाही, तरी परवा सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना तो वास आला. खाली वळणावर एक छोटा हत्ती टेम्पो थांबला होता आणि त्यात क्रेटमध्ये दाबून झेंडू भरला होता. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. मी चिमटा हातात धरून तशीच उभी राहिले.

ज्यांच्या घरी झेंडू पिकत नाही त्यांना हा वास दसऱ्याच्या दिवशी भेटतो आणि तोरणाबरोबर सुकून जातो. आमच्याकडे तो बोटांत राहतो. दिवसभर माळा ओवल्या की अंगठ्यावर आणि तर्जनीवर हिरवट काळा डाग पडतो आणि साबणाने जात नाही. शाळेत असताना नवरात्राच्या सुट्टीनंतर मी हात लिंबाने घासून जायचे, कारण एकदा शेजारच्या बाकावरच्या मुलीने नाक मुरडून विचारलं होतं की हा कसला स्मेल येतोय. इंग्रजी शाळा होती. तिथे 'मॅरीगोल्ड'वर आम्ही दहा ओळी लिहिल्या होत्या. त्यात वास कडवट असतो असं कोणीच लिहिलं नव्हतं, मीही नाही.

परवापासून मात्र मला झेंडूबरोबर बातम्या आठवतायत. या दिवसांत दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्रच येतात, त्याला काही वर्षं झाली.

माझे धाकटे काका आणि शोभाकाकू मखमलाबादच्या पुढे मळ्यात राहतात. दत्तूकाका शेत बघतात, काकू फुलं विकते. ती ज्या रस्त्यावर बसायची तो गंगेच्या जवळ होता. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे लहानपणी मला गंगा दोन आहेत हे भूगोलाच्या पुस्तकातूनच कळलं. त्या रस्त्याच्या कडेला, रेलिंगला टेकून, पहाटेपासून फुलवाल्या बायका बसत. पुढे गोणपाट, त्यावर झेंडूचा ढीग, बाजूला शेवंती, तुळस, दूर्वांच्या जुड्या. दसरा जवळ आला की हरसूलकडच्या बायका भाताच्या लोंब्या आणि आपट्याची पानं घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसत. काकूच्या आधी तिथे तिची सासू, म्हणजे माझी आजी बसायची. जागा कोणाच्या नावावर नव्हती, पण कोणी दुसरं तिथे बसतही नव्हतं.

त्या वर्षी कळलं की रस्ता रुंद होणार आहे आणि बायकांना शहराच्या कडेला एका मैदानात जागा मिळणार आहे, तीही दसऱ्याच्या आधीच. रस्ता अरुंद होता हे खरंच होतं. तिथून रिक्षा नेताना लोक काय काय बोलतात ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. काकूचंही म्हणणं रस्ता नको असं नव्हतं. ती आणि आणखी दोघी जणी आधी मैदान बघून आल्या. ओटे बांधलेले होते, रंग ताजा होता, नळही बसवलेले होते. नळ सोडून बघितले तर त्यांत पाणी नव्हतं.

फुलं विकणाऱ्याला पाणी म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळलं. तोडलेला झेंडू ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा असतो. दुपारच्या आत दोन-तीनदा शिंपावं लागतं, आणि दसऱ्याच्या आधीचं ऊन तर डोक्यात जाणारं असतं. पाणी नसलेल्या ओट्यावर वर्षभराच्या कमाईची फुलं सकाळच्या सकाळी मान टाकणार. गंगेवर निदान बादली भरून आणता यायची. काकूचं सगळं म्हणणं एका वाक्यात मावत होतं, आणि ते वाक्य तिने त्या दिवसांत इतक्यांदा म्हटलं की मला ते तिच्या आवाजातच आठवतं: "आमी जातो ना, पर आधी तिथं जाऊन पाणी हाय का ते बघा."

एवढंच ऐकलं जायला हवं होतं. दसऱ्याच्या आधी.

मी पदवी संपवून घरी बसले होते. एका कंपनीत निवड झाली होती पण रुजू व्हायचा निरोप येत नव्हता. नवरात्रात मी नेहमीसारखी मळ्यात गेले आणि बायकांनी घटस्थापनेच्या दिवशी ठरवलं की पाणी येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही, आणि लोकांचं लक्ष जावं म्हणून विक्री बंद ठेवून तिथेच बसायचं. कोणाच्या तरी मुलाने पुठ्ठ्यावर लिहून आणलं. 'विक्री बंद' इतकं मोठं लिहिलं की पुठ्ठा संपत आला, आणि पाण्याचं खाली बारीक अक्षरात कसंबसं बसवलं. ते वाचायला वाकावं लागे.

विक्री बंद म्हणून झाड थांबत नाही. उमललेलं फूल तोडलं नाही तर पुढच्या कळ्या धरत नाहीत, त्यामुळे काका रोज पहाटे तोडणी करून क्रेट पाठवत होतेच. आणि समोर फुलांचा ढीग असताना या बायका नुसत्या बसणार कशा? सगळ्या जणी सुई-दोरा घेऊन ओवत बसल्या. तयार माळा रेलिंगवर अडकवत गेल्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळी रेलिंग केशरी-पिवळी झाली. संध्याकाळी त्या माळा जवळच्या देवळांत देऊन टाकायच्या आणि सकाळी पुन्हा नव्याने सुरुवात. मला ते दृश्य सुंदर वाटायचं आणि वाटल्याबद्दल थोडा संकोचही वाटायचा. कारण ओवताना कोणी फारसं हसत नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी बंद केली नाही, ती म्हणजे रतीब. काही घरांत देवपूजेला रोजची फुलपुडी ठरलेली असते. दुधासारखीच. पानात गुंडाळलेली चार फुलं, तुळस, दूर्वा. पैसे महिन्याने. आजीच्या वेळेपासूनची घरं होती. या बायकांच्या हिशेबात रतीब म्हणजे विक्री नव्हतीच. कोणाच्या तरी देवाचं ते आधीच झालेलं असतं, आपण फक्त पोचवायचं. म्हणून 'विक्री बंद' म्हणताना रतीबाचा विचार एकीच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही.

टीव्हीवाले आले ते तिसऱ्या दिवशी सकाळी. एक वार्ताहर, एक कॅमेरा. वार्ताहर तरुण होता, नम्र होता. काकूने त्याला चहा दिला. त्याने माईक धरला आणि काकूने तिचं वाक्य म्हटलं, नीट, न चाचरता. मी रेलिंगमागे उभी होते आणि मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळणार.

तेवढ्यात वैद्य आजोबा आले. रतीबाच्या घरांपैकी सगळ्यात जुनं घर त्यांचं. निवृत्त, एकटे, रोज स्वतः पुडी न्यायला येणारे. त्यांनी पुडी घेतली, आणि महिन्याचं देणं राहिलं होतं म्हणून खिशातून नोटा काढून काकूच्या हातावर ठेवल्या. कॅमेरा अजून चालू होता.

दुपारी काकू जेवायला मळ्यात आली तेव्हा आम्ही बातमी बघितली. केशरी रेलिंग, माळा ओवणारे हात, 'विक्री बंद'चा पुठ्ठा, आणि मग काकूच्या हातावर पडणाऱ्या नोटा, त्या पुन्हा, आणि अजून एकदा, संथ गतीने. खाली पट्टी: म्हणायला विक्री बंद, धंदा काही थांबेना. काकूच्या वाक्यातलं 'आमी जातो ना' गेलं होतं, पाणीही गेलं होतं. उरलं होतं ते तिचं उघडं तोंड आणि वरून दुसऱ्याच कोणाचा आवाज, की वाहतुकीची कोंडी करून फुलवाल्या हटायला तयार नाहीत.

त्यात एकही चित्र खोटं नव्हतं. मी आजही याच जागी अडते. नोटा खऱ्या होत्या, हात खरे होते, पुठ्ठा खरा होता. कोणी विचारलं असतं की यात चूक काय, तर मला पटकन सांगता आलं नसतं. सांगायला रतीबापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढा वेळ बातमीत नसतो.

थोड्या वेळाने पप्पांचा फोन आला. पप्पा नोटांच्या प्रेसला नोकरीला, शिस्तीचे. सकाळचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, आणि बातमी लागली की घरात कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. माझे हात माखलेले म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला होता. ते म्हणाले, "मनू, शोभाला सांग, बंद म्हणायचं आणि विकत बसायचं, हे काही बरं दिसत नाही. आपल्याला लोक ओळखतात."

काकू समोरच होती. तिने ऐकलं, सुईत दोरा ओवला, गाठ मारली. मी फोन बंद केल्यावर म्हणाली, "दादांनीच तर सायकलवर रतीब टाकलेत. वैद्यांच्या घरी पन तेच जायचे."

शाळेत इंग्रजीच्या पेपरात एक उतारा असायचा. खाली प्रश्न, आणि वर सूचना की उत्तरं उताऱ्यातूनच द्यायची. तुम्हाला त्या विषयाचं आणखी काही माहीत असलं तरी ते लिहायचं नाही, मार्क जातात. मी त्यात हुशार होते. त्या दुपारी मला वाटलं की बातमी बघताना आपण सगळे तशीच परीक्षा देत असतो. समोर जेवढा उतारा ठेवला तेवढ्यातूनच उत्तर शोधतो. अनोळखी माणसाचं ठीक आहे, त्याच्याकडे दुसरं काय असणार. पण पप्पांकडे उताऱ्याबाहेरचं सगळं होतं. अख्खं बालपण होतं. पुडी कशी बांधतात, कोणत्या घरी बेल दोनदा वाजवायची, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी उत्तर उताऱ्यातूनच दिलं.

दुसऱ्या दिवशी तो वार्ताहर परत आला. बाकीच्या बायकांनी त्याला बघून पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. तो काकूजवळ येऊन हळूच म्हणाला की त्याने तिचं बोलणं पूर्ण पाठवलं होतं, कापाकापी तिकडे ऑफिसात झाली. मला तो खरं बोलतोय असं वाटलं. काकूने त्याला पुन्हा चहा दिला. तो चहा कॅमेऱ्यासाठी नव्हता, ऊन होतं म्हणून होता. त्याने त्या दिवशी काही चित्रित केलं नाही.

वैद्य आजोबा फार अस्वस्थ झाले होते. माझ्यामुळे झालं, असं सारखं म्हणत होते. मग ते पांढराशुभ्र शर्ट घालून आले आणि एका उलट्या क्रेटवर बायकांमध्ये बसून राहिले, दुपारपर्यंत. कोणी विचारलं तर रतीब म्हणजे काय ते समजावून सांगायचं असं ठरवून आले असावेत. नेमका त्या दिवशी कोणताच कॅमेरा आला नाही.

आला तो नंतर, आणि आमच्या बाजूचा. फोनवर बातम्या चालवणारा एक मुलगा, हातात स्वतःच्या चॅनलचं नाव लिहिलेला माईक. त्याला अन्यायाची मनापासून चीड होती. त्याने काकूचं चित्रण केलं तेव्हा ती डोळे पुसत होती. आता खरं सांगायचं तर काकूला झेंडूचा त्रास होतो. ढिगात फार वेळ बसलं की डोळे लाल होतात, शिंका येतात. काका म्हणायचे, हलवायाला साखर झालीय तशी ही. शिवाय घामाने टिकली पडली होती, आणि मंगळसूत्र तिने ब्लाऊजच्या आत खोचलं होतं, कारण ओवताना ते दोऱ्यात अडकतं. सगळ्याच जणी तसं करतात.

संध्याकाळी तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. मागे बासरी वाजत होती. वर लिहिलं होतं, पतीच्या निधनानंतर फुलांवर संसार रेटणाऱ्या मातेचे अश्रू.

काका घरापुढच्या ओट्यावर बसून भाकरी खात होते. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. त्यांच्या मावसभावाचा देवळा गावाहून फोन येऊन गेला होता, रडवेल्या आवाजात, आणि तो काकांनीच उचलला होता. "फोटो लावा माझा भिंतीवर," ते म्हणाले. "हार काय, घरचाच हाय."

मी हसले. काकू हसली नाही. ती ताटावरून उठून आत गेली. दसऱ्याच्या तोंडावर जिवंत नवऱ्याला कोणी असं म्हणणं म्हणजे तिच्यासाठी नुसती चुकीची बातमी नव्हती. आधीच्या बातमीने तिला लबाड ठरवलं होतं. या बातमीने तिच्यावर दया केली होती, आणि दया करायला तिच्या घरातलं माणूस काढून घेतलं होतं. पाण्याचं वाक्य याही व्हिडिओत नव्हतं. बासरीखाली काही ऐकूच येत नव्हतं.

व्हिडिओखाली नंबर होता. फोन कोणी करायचा यावर घरात चर्चा झाली नाही, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे आधी काय बोलायचं ते मनात चार वेळा म्हणावं लागतं. मी अंगणात जाऊन फोन केला. तो मुलगा चांगला बोलला, ताई ताई करत. मी म्हटलं, काका जिवंत आहेत.

"सॉरी ताई. पण आम्ही तुमच्याच बाजूने आहोत ना."

मी म्हटलं, मग बदला ते. आणि पाण्याचं घाला.

"आत्ता बदललं तर लोक म्हणतील आधीचं पण खोटं होतं. ताई, लोकांना वाईट वाटतंय. ते तुमच्याच फायद्याचं आहे."

मी फोन ठेवला. वाईट वाटून घेणाऱ्या लोकांना आपण काय सांगायचं, की ज्याचं तुम्हाला वाईट वाटतंय ते घडलेलंच नाही, आणि जे घडलंय त्यात बासरी वाजण्यासारखं काही नाही, नुसता एक कोरडा नळ आहे?

त्याने रात्रीतून ती ओळ काढली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तोवर व्हिडिओ पुढे गेला होता. सकाळी काकू कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि मंगळसूत्र पदरावर काढून रस्त्यावर जाऊन बसली. ओवताना ते सारखं दोऱ्यात अडकत होतं, ती सोडवत होती. कोणीतरी जाता-जाता फोटो काढला, आणि त्याखाली कोणीतरी लिहिलं की काल रडायला विधवा, आज नटून सवाष्ण, काय नाटकं आहेत. तेव्हा मला कळलं की एकदा विश्वास उडाला की माणसाला बरोबर दिसण्याची सोयच राहत नाही.

त्या दिवसांत रतीब पोचवायचं काम माझ्याकडे आलं. काका तोडणीत, काकू रस्त्यावर. मी स्कूटीच्या हँडलला पिशवी अडकवून पंचवटीच्या गल्ल्यांतून, मग पुढे कॉलन्यांमधून जायचे. काकूने एकच सांगितलं होतं, पुडी देताना पाण्याचं सांगायचं. म्हणजे प्रत्येक दारात बेल वाजवून, माणूस बाहेर यायची वाट बघून, तोंडाने बोलायचं. मी लहानपणापासून दारावर पुडी अडकवून पळून येणारी मुलगी.

पहिल्या दारात मी पुडी हातात देऊन तशीच मागे फिरले. दुसऱ्या दारातल्या बाईंनी पुडी घेतली आणि म्हणाल्या, विक्री बंद होती ना तुमची, टीव्हीवर तर वेगळंच दिसलं. मी म्हटलं, हा रतीब आहे. त्या म्हणाल्या, तेच. एका घरी सांगितलं की उद्यापासून नको. एका घरी मात्र दार उघडताच एक मावशी माझा हात धरून आत घेऊन गेल्या, पाणी दिलं आणि गहिवरून विचारलं, "दत्तू कधी गेला गं? आम्हाला कळवायचं तरी."

मी म्हटलं, काका मळ्यात आहेत, झेंडू तोडतायत.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एखाद्या मुलीला धक्क्याने भ्रम होतो तसं काहीतरी त्यांना वाटलं असावं. शेवटी मी काकांना फोन लावून दिला. काका तिकडून मोठ्याने म्हणाले की वहिनी, मी वरूनच बोलतोय, इथंबी झेंडूला भाव नाय. त्या हसता हसता रडल्या, आणि मग मी पाण्याचं सांगितलं, आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं. तिथून पुढच्या दारांत मला बोलणं जरा सोपं गेलं. काही जणांनी मान हलवली, काहींनी दार लावलं. दोघे-तिघे म्हणाले, जाऊन बघतो एकदा. ते गेले का, ते मी कधी विचारलं नाही.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. दसरा जुन्याच जागी झाला. दिवाळीनंतर मैदानातल्या नळांना पाणी आलं आणि बायका तिकडे गेल्या. सगळ्या नाहीत. काहींना ते फार लांब पडलं, त्यांनी धंदाच सोडला. गंगेवरचा रस्ता आता खरंच मोकळा आहे, मी स्वतः तिथून स्कूटी भरकन नेते आणि दरवेळी रेलिंगकडे बघायचं टाळते. पाणी कोणामुळे आलं, ते मला ठाऊक नाही. वैद्य आजोबांनी अर्ज दिला होता. कदाचित एखाद्या अधिकाऱ्याने स्वतःच जाऊन पाहिलं असेल. पाणी आल्याची बातमी कुठेच आली नाही. आता जिथे जिथे माणसं मागणी घेऊन बसलेली दाखवतात, तिथे मी पट्टी वाचत नाही. मी त्यांच्या मागे काय आहे ते बघते, त्यांच्या हातात काय आहे ते बघते. बारीक अक्षरात लिहिलेलं काही आहे का ते बघते. याने सत्य कळतं असं नाही. आपल्याला किती कळलेलं नाही, तेवढं कळतं.

पण त्या दिवसांतला जो प्रसंग मला सगळ्यात जास्त आठवतो तो यातल्या कशातच नाही.

अष्टमीला मी एका दिवसासाठी घरी, नाशिक रोडला आले होते. सकाळी पप्पा पेपर वाचत होते. आतल्या पानावर छोटी बातमी होती, फुलविक्रेत्यांसाठी सर्व सोयींनी सज्ज जागा तयार. सोबत ओट्यांचा फोटो, त्यात नळ. त्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं. वाद घालणं मला जमत नाही, पप्पांशी तर नाहीच. मी फोटो बघितला आणि म्हटलं, "पप्पा, काकू म्हणते आधी तिथे जाऊन पाणी आहे का ते बघा." त्यांनी पेपर घडी करून ठेवला. चष्मा पुसला. मी दुपारच्या बसने मळ्यात परतले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही मळ्यात तोरणं करत होतो. झेंडू, आंब्याचं पान, मध्ये भाताची लोंबी. काकूचा फोन वाजला. तिच्या फोनवर पप्पा कधीच फोन करत नाहीत. काही असलं तर काकांना नाहीतर मला. तिने आधी पदर सावरला, मग फोन कानाला लावला. त्या जुन्या फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

पप्पा प्रेसमधून सुटी टाकून मैदानावर गेले होते. दोन बस बदलून. ते सांगत होते, अगदी कामाचा अहवाल द्यावा तसं, की एकूण एक नळ सोडून बघितला. मग वाटलं की पाणी ठरावीक वेळेला येत असेल, म्हणून दुपारभर थांबलो. सावली नव्हती, ओट्याच्या आडोशाला बसलो. पाणी आलं नाही. मग रखवालदाराला विचारलं, तो म्हणाला पाइप अजून जोडलेलाच नाही. फोनमध्ये मागे कुठल्यातरी स्टँडवरचा गलका ऐकू येत होता.

"शोभा," ते म्हणाले, "तू म्हणत होतीस तसंच आहे."

काका तोरण धरून तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यात झेंडूचा भाग किती होता हे मला सांगता येणार नाही. तिने पदराने डोळे पुसले.

"दादा," ती म्हणाली, "दिवसभर उन्हात व्हते तुमी. जेवलात का काही?"

पलीकडून पप्पा म्हणाले, नाही. काकूने फोन कानाला तसाच धरून काकांना खूण केली, गाडी काढा, आणि स्टँडवरच थांबायला सांगून ती भाकऱ्या टाकायला आत गेली.